खरपूस आणि करपट यांच्या सीमेवर

ज्या मनुष्याचे अवघे कर्तृत्व कोल्हापूरच्या गूळबाजारातील एका अडत दुकानाच्या ओट्यावर, रव्यांच्या थप्पीशेजारी बसून, खडा जिभेवर ठेवणे आणि भाव वहीत लिहिणे एवढ्यातच सामावले आहे, त्याच्याकडे स्टाउट नावाच्या काळ्या बिअरच्या आस्वादावरील हस्तपुस्तिकेची प्रस्तावना मागण्यास कोणी आला, तर त्याने ती विनंती नम्रपणे परत करावी, हेच रीतीला धरून झाले असते. मीही तसेच केले होते. परंतु या पुस्तिकेचा कर्ता माझा भाचा. पुण्यातील एका मायक्रोब्रुअरीत तो गेली काही वर्षे पाणी, धान्य आणि विस्तव यांच्याशी झुंजतो आहे. आणि मामाचा नकार म्हणजे सौद्यातली केवळ पहिली बोली, हे तो बाजारात लहानाचा मोठा झाल्यामुळे पुरते ओळखून आहे. "मामा," तो म्हणाला, "तुम्ही बिअरबद्दल काही लिहूच नका. गुळाबद्दल लिहा. बाकीचं मी बघतो."

तेव्हा आरंभ गुळापासूनच करतो.

गुळाची पारख ही बाहेरच्यास वाटते तितकी गोड विद्या नव्हे. दिवाळी पाडव्याच्या मुहूर्ताच्या सौद्यापासून हंगाम सरेपर्यंत रोज सकाळी तीस-तीस किलोंच्या रव्यांच्या रांगा लागतात, आणि त्या रांगांमधून शेतकरी, अडत्या, खरेदीदार आणि हमाल असे चार प्रकारचे डोळे फिरत असतात. त्यांपैकी खरेदीदाराचा डोळा प्रथम रंगावर जातो, मग त्याचा अंगठा कडेवर दाबला जातो, मग एक खपली काढून ती दोन बोटांत फोडून तिची कणी पाहिली जाते, आणि सर्वांत शेवटी, पुष्कळदा तर भाव मनात ठरून गेल्यानंतर, ती जिभेवर जाते. वास्तविक जो काही खरा दाखला मिळायचा तो जिभेकडूनच मिळतो. चोपण जमिनीतल्या उसाचा गूळ खारट लागतो. मळी नीट न काढलेले आदण मातकट लागते. आणि गुळव्याने काहील उतरवायला किंचित उशीर केला असेल, तर गोडव्याच्या पाठोपाठ घशाशी एक बारीक कडवट रेघ उमटते, जी खरेदीदाराला कळली तर शेतकऱ्याचे नुकसान आणि न कळली तर गिऱ्हाइकाचे.

शाहू छत्रपतींनी 1895 साली शाहूपुरीची पेठ वसवून या व्यापाराला हक्काचे ठिकाण दिले आणि 2014 साली कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकनाची सनद मिळाली. परंतु दरम्यानच्या काळात आमच्या बाजाराने एक चूक इमानेइतबारे जोपासली, ती ही की पिवळाधमक तो गूळ उत्तम आणि काळपट तो हलका. या एका समजुतीपायी रानभेंडीच्या चिकाने रस निवळवणाऱ्या गुऱ्हाळांत हायड्रोसची पूड शिरली, रंग उजळला, भाव चढला, आणि काहिलीच्या तळाचा जो एक धुरकट, मधाळ, भाजका सुगंध आमच्या लहानपणी गुळाला असे, तो हळूहळू परागंदा झाला. मीही चाळीस वर्षे रंगालाच भाव लिहीत आलो. ही कबुली येथे देण्याचे कारण असे, की स्टाउटचा पहिला पेला माझ्यासमोर आला तेव्हा मी त्याच्याशी अगदी याच्या उलट, परंतु तितकाच अन्याय केला.

काळा म्हणजे जड, काळा म्हणजे कडक, काळा म्हणजे डोक्यात जाणारा, असा एक अलिखित ठराव आपल्याकडे सर्वत्र मंजूर आहे. वस्तुस्थिती पाहावी तर आयर्लंडच्या पद्धतीच्या कोरड्या स्टाउटमध्ये मद्यार्काचे प्रमाण साधारण 4 ते 4.5 टक्के असते, आणि आपल्या दुकानांतून 'स्ट्राँग' म्हणून जी सोनेरी, निष्पाप दिसणारी बिअर खपते तिच्यात ते 6 ते 8 टक्क्यांपर्यंत जाते. स्टाउटचा काळा रंग येतो तो एकूण धान्याच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याइतक्या, कॉफीच्या बियांसारख्या भाजलेल्या जवातून; उरलेले धान्य बहुतेक फिकेच असते. जव म्हणजे आपला सातू. त्याला भिजवून मोड आणावयाचे, मोड आले की वाळवून त्यांची वाढ थांबवावयाची, भरडून गरम पाण्यात मुरवून त्याचा गोड रस काढावयाचा, तो हॉप नावाच्या वेलीच्या कडू फुलांबरोबर उकळावयाचा आणि निववून यीस्टच्या हवाली करावयाचा, ही सारी क्रिया ज्या घरात नाचणीचे सत्त्व आणि गुळाची काहील दोन्ही पाहिलेली आहेत त्या घरातील मनुष्याला समजावून सांगण्याची गरज नाही.

या पेयाचा पूर्वेतिहास मला विशेष जवळचा वाटला, तो त्याच्या नावामुळे. स्टाउटची आई जी पोर्टर, तिच्या नावाचा अर्थच हमाल. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात लंडनच्या बाजारांतून आणि गोद्यांमधून ओझी वाहणारे हमाल ही तपकिरी, स्वस्त आणि पोटभर बिअर पीत, म्हणून तिला त्यांचे नाव पडले. आणि त्यातल्या त्यात जी अधिक दणकट ती 'स्टाउट पोर्टर', ज्याचे पुढचे विशेषण टिकले आणि मागचे नाम गळून पडले. 1759 साली डब्लिन शहरात आर्थर गिनेस या गृहस्थाने सेंट जेम्सेस गेट येथील जागेचा सालीना 45 पौंड भाड्याने 9000 वर्षांच्या मुदतीचा पट्टा करून घेतला. (आमच्या बाजारात 11 महिन्यांच्या भाडेचिठ्ठीसाठी जी रदबदली चालते ती पाहता या दस्तऐवजापुढे हात जोडावेसे वाटतात.) त्यावेळची पोर्टर मात्र आजच्यासारखी काळीभोर नव्हती. ती तपकिरी माल्टाची, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाची, असे, आणि रसातील साखर मोजण्याचे उपकरण त्या शतकाच्या अखेरीस हाती येईपर्यंत कोणाच्या ध्यानातच आले नव्हते की हे तपकिरी माल्ट फिकट माल्टाच्या मानाने फारच कमी रस देते. हिशेब कळताच कारखानदार फिकटाकडे वळले, बिअर फिकी पडू लागली, आणि ती पुन्हा काळी कशी करावी या विवंचनेतून नाना प्रकारच्या भेसळी निघाल्या. अखेर 1817 साली डॅनियल व्हीलर याने कॉफी भाजण्याच्या पिंपासारख्या फिरत्या पिंपात माल्ट भाजण्याचे पेटंट घेतले. थोडेसे काळे धान्य, पुष्कळसे फिके धान्य: आजच्या स्टाउटचा सारा संसार या एका तडजोडीवर उभा आहे.

आता मुद्द्याकडे येतो. हे भाजणेच स्टाउटचा प्राण असल्यामुळे तिची परीक्षा म्हणजे मूलतः भाजण्याची परीक्षा होय. आणि येथे माझा असा दावा आहे, व तो मी भाच्याशी भांडून या पुस्तिकेच्या शब्दसूचीत दाखल करविला आहे, की इंग्रजी परीक्षक ज्या ठिकाणी एकच 'रोस्ट' हा शब्द घेऊन आणि त्यापुढे चॉकलेट, कॉफी, पाव, कोळसा अशी उसनी नावे जोडून काम भागवतात, त्या ठिकाणी मराठी स्वयंपाकघराने तीन वेगळ्या पायऱ्या केव्हाच बांधून ठेवलेल्या आहेत. खमंग, खरपूस आणि करपट. कांदा-लसूण मसाल्याचे दिवस ज्यांनी कोल्हापुरात काढले आहेत त्यांना हे सांगणे नलगे. माझी आई लोखंडी कढईत सुक्या खोबऱ्याचा कीस भाजायला बसे तेव्हा आम्हा पोरांना बोलायची मुभा नसे. कीस प्रथम पांढऱ्याचा पिवळा होई, तेव्हा येणारा वास नुसता खमंग. तेल सुटून कडा तांबूस होत आणि वासाला एक खोली येई, तो खरपूस. आणि त्याच क्षणी ती उलथण्याने कढई खाली ओढी, कारण यापुढचे भाजणे विस्तवावर नव्हे तर कढईच्या स्वतःच्या उष्णतेवर होणार, हे तिला ठाऊक असे. एकदा, दाराशी कोणी हाक मारली म्हणून, ती चार पळे उशिरा वळली. रंग म्हणाल तर फारसा बदलला नव्हता. परंतु तिने चिमूटभर कीस चाखला, "करपट झालं," एवढेच म्हणाली, आणि शेरभर खोबरे बाजूला सारून नवे किसायला घेतले. स्टाउटचा परीक्षक याहून निराळे काय करतो? चांगल्या स्टाउटचा भाजका कडवटपणा खरपुसाच्या शेवटच्या पायरीवर, करपटाच्या उंबऱ्याला पाय न लावता उभा असतो. ज्या पेल्यात राखेची चव जिभेवर रेंगाळते, तेथे कोणाची तरी कढई चार पळे उशिरा उतरलेली असते.

याच ओघात एका शब्दाची कैफियत मांडावीशी वाटते. आयुर्वेदाने सांगितलेल्या सहा रसांत 'कटु' म्हणजे मिऱ्याचा, सुंठीचा, अर्थात आपला तिखट रस, आणि 'तिक्त' म्हणजे कडुनिंबाचा. परंतु मराठीने त्या 'कटु'पासून 'कडू' केले आणि त्याला तिक्ताच्या गादीवर बसविले. मला कधीकधी वाटते, आमच्या जिल्ह्याच्या जिभेचा सारा गोंधळ या घालमेलीत आहे. तिखटाचे आम्हाला एवढे व्यसन की कडू म्हणजे औषध, कारले आणि गुढीपाडव्याची निंबाची पाने याखेरीज त्याला आमच्या ताटात जागा नाही. आणि तिखट हा तर आधुनिक शास्त्राच्या दृष्टीने रसही नव्हे, ती जिभेची आग आहे. स्टाउट चाखताना मात्र निदान तीन रस वेगळे ओळखावे लागतात: हॉपचा स्वच्छ कडू, भाजक्या धान्याचा कॉफीसारखा आंबूस-कडू, आणि धान्याच्या टरफलांतून उतरणारा तुरट, जो हिरड्यासारखा गालांना आत ओढतो आणि जो वाजवीपेक्षा अधिक असला तर दोषात जमा होतो. जिभेचे टोक गोड ओळखते आणि मूळ कडू, असा जो नकाशा शाळेच्या पुस्तकांत असे, तो चुकीचा आहे. सारी जीभ सारे रस ओळखते. तथापि कडवटपणा सर्वांत शेवटी आणि सर्वांत जास्त वेळ बोलतो, म्हणून बिअरचा परीक्षक द्राक्षमद्याच्या परीक्षकासारखा घोट थुंकून टाकीत नाही, गिळतो.

जीभ ही साक्षीदार आहे, आणि साक्षीदार म्हटला की त्याची उलटतपासणी आलीच. माझी झाली ती अशी. दोन वर्षांपूर्वी पुण्यास गेलो असता भाच्याने दोन पेले पुढे ठेवले, एक त्याच्या स्वतःच्या हातचा आणि दुसरा अन्यत्र केलेला, आणि मी, पारखी मामा, मुक्तकंठाने त्याच्या पेल्याची स्तुती करून दुसऱ्याला 'पाणचट' ठरविले. तो काही बोलला नाही. जेवणानंतर त्याने माझ्यासमोर तीन सारखे पेले मांडले: दोहोंत एकच बिअर, तिसऱ्यात दुसरी, कोणता वेगळा तेवढे सांगायचे. चांगला-वाईट ठरविण्याचा प्रश्नच नाही. अशा सहा फेऱ्या झाल्या आणि त्यांपैकी दोनदा माझे उत्तर बरोबर आले, म्हणजे मी डोळे मिटून नुसते बोट ठेवीत गेलो असतो तरी सरासरीने तेवढेच आले असते. ही तीन पेल्यांची परीक्षा कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग कारखान्यात 1940 च्या दशकात रुळली, आणि तिचा हेतूच मुळी माझ्यासारख्या आत्मविश्वासू साक्षीदारांची रुजवात घालणे हा आहे. परत आल्यावर मी घरच्या माणसांकडून डोळ्यांवर पंचा बांधून घेऊन हीच परीक्षा गुळावर केली. सहापैकी चार. चाळीस वर्षांच्या अनुभवास चार गुण, हे मी अद्याप बाजारात कोणाला सांगितलेले नाही.

अशा तुटपुंज्या साक्षींतून निर्णय कसा काढावा, हा प्रश्न ज्याने खऱ्या अर्थाने सोडविला तो मनुष्यही याच काळ्या पेयाच्या नोकरीत होता, ही गोष्ट मला भाच्यामुळे कळली. विल्यम सीली गॉसेट 1899 साली गिनेसच्या कारखान्यात लागला. त्याच्यापुढे प्रश्न असे की चार-सहा वाफ्यांतल्या जवावरून, हॉपच्या मोजक्या नमुन्यांवरून सबंध मालाविषयी किती खात्रीने बोलता येते. मोठ्या संख्येचे गणित तेव्हा उपलब्ध होते. लहान संख्येचे नव्हते. त्याने ते रचले आणि 1908 साली 'बायोमेट्रिका' या नियतकालिकात प्रसिद्ध केले, परंतु कारखान्याच्या नियमामुळे स्वतःच्या नावाने नव्हे, तर 'स्टुडंट' म्हणजे विद्यार्थी या टोपणनावाने. आज औषधांच्या परीक्षेपासून पिकांच्या वाणांपर्यंत सर्वत्र जी 'स्टुडंटची टी-चाचणी' वापरतात, तिचा उगम बिअरच्या पिंपाशेजारी आहे. शेकडो रव्यांच्या थप्पीतला एक रवा फोडून साऱ्या थप्पीचा भाव ठरविणाऱ्या आम्हा मंडळींनी या विद्यार्थ्यास गुरुस्थानी मानावयास हरकत नाही.

परीक्षेची प्रत्यक्ष रीत भाच्याने पुढील प्रकरणांतून तपशीलवार दिलेली आहे. तिची पुनरुक्ती मी करीत नाही. दोन गोष्टींवर मात्र बोट ठेवतो. पहिली थंडाव्याची. आपल्याकडे बिअर म्हटली की ती दात शिवशिवतील इतकी गार हवी असा दंडक आहे. परंतु अतिगारव्याने जीभ बधिर होते आणि सुगंध पेल्यातच गोठून राहतो, म्हणून स्टाउट 8 ते 12 अंशांच्या दरम्यान, म्हणजे शीतकपाटातून काढून थोडा वेळ ओट्यावर ठेवून मगच, चाखावी. दुसरी गोष्ट गुणांची. अमेरिकेत 1985 साली सुरू झालेल्या बिअर-परीक्षकांच्या 'बीजेसीपी' या संस्थेच्या पत्रकावर 50 गुण असतात. त्यांपैकी 12 गंधाला, 20 चवीला, 5 तोंडात जाणवणाऱ्या अंगाला, 10 एकंदर ठशाला, आणि रंगरूपाला अवघे 3. हा आकडा मी दोनदा विचारून घेतला. आमच्या सौद्यात रंगाला 50 पैकी 3 गुण असते, तर हायड्रोसचा एकही डबा जिल्ह्यात खपला नसता.

दोषांची नावे मराठीत शोधताना आम्हा मामा-भाच्यांच्या काही रात्री मोठ्या मजेत गेल्या. कढवायला ठेवलेल्या लोण्याचा वास येत असेल तर यीस्टला काम पुरे करू दिलेले नाही. उकडलेल्या मक्याच्या कणसाचा येत असेल तर उकळी कमी पडली. ओल्या पुठ्ठ्याचा, बंद दप्तरखान्याचा येत असेल तर हवा लागून माल शिळा झाला. याउलट 'खवट', 'कुबट', 'मचूळ', 'उग्र' हे शब्द आपल्याकडे इतके सैल वापरले जातात की त्यांचे अर्थ या पुस्तिकेत प्रथमच नेमके बांधले गेले असावेत.

कायद्याविषयीही दोन शब्द लिहिणे प्रस्तावनाकाराचे कर्तव्य आहे. 1 मार्च 1949 रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि त्याच वर्षी मुंबई दारूबंदी कायदा अमलात आला. तो पुष्कळ सैल होऊनही आजतागायत चालू आहे, आणि त्यानुसार आस्वादकाच्या खिशात परवाना असावा लागतो, ज्यावर ही अनुज्ञा आरोग्याच्या रक्षणासाठी व निर्वाहासाठी दिल्याचा मजकूर असतो. तो मजकूर वाचून मला दर खेपेस हसू येते, तरी परवाना मी काढतो. बिअरला वयाची अट 21 पूर्ण अशी आहे. या निर्बंधांच्या छायेतच 2009 साली पुण्यात 'डूलाली' ही मायक्रोब्रुअरी निघाली. इंग्रजीत 'डूलाली' म्हणजे डोके फिरलेला. नाशिकजवळच्या देवळालीच्या छावणीत मायदेशीच्या जहाजाची वाट पाहत कंटाळून वेडावलेल्या गोऱ्या शिपायांवरून तो शब्द पडला, आणि आपल्या गावाचे नाव असे साता समुद्रांचा फेरा करून बिअरच्या पाटीवर परत आले.

राहता राहिला प्रश्न गुळाचा, ज्यासाठी मला या कामी जुंपले गेले. स्टाउटमध्ये गूळ घातला म्हणजे ती गोड होईल, हा समज प्रथम सोडावा. गुळातील साखर यीस्ट जवळजवळ सगळी फस्त करते, अंग उलट पातळ होते, आणि मागे उरतो तो केवळ काहिलीचा वास व किंचित खारेपणा. गोडवाच हवा असेल तर दुधातील साखर घालतात, कारण ती यीस्टला पचत नाही, आणि तिलाच 'मिल्क स्टाउट' म्हणतात. बाकी गूळ आणि कडू काढा यांची जोडी आपल्याला नवी नव्हे: कौटिल्याने सुराध्यक्षाच्या प्रकरणात ज्या 'मैरेय' मद्याची कृती दिली आहे, त्यात मेषशृंगीच्या सालीच्या काढ्यात गूळच सांगितला आहे, आणि आंबवणाऱ्या द्रव्याला त्याने वापरलेला 'किण्व' हा शब्द आजच्या आमच्या 'किण्वन'मध्ये जिवंत आहे. तांबड्या रश्शाबरोबर मात्र स्टाउट पिऊ नये, असे माझे स्वच्छ मत आहे. बुडबुडे आणि मद्यार्क दोन्ही तिखटाची आग वाढवितात. बिचाऱ्या भाजक्या सातूचे मग कोणी ऐकत नाही. भाचा म्हणतो सुक्क्या मटणाबरोबर पाहा. पाहीन.

गेल्या हंगामात आमच्याच ओळखीच्या गुऱ्हाळावरची, हायड्रोसचा कणही न लागलेली काकवी मी त्याला पाठविली, आणि तिच्या स्टाउटचा पहिला पेला आम्ही दोघांनी पुण्यास समोरासमोर बसून, वह्या झाकून चाखला. फेस बदामी, दाट, बोटभर. पेला दिव्यासमोर धरला तेव्हा काळ्याच्या कडेला डाळिंबी किनार दिसली. पहिल्या हुंगण्यात कॉफी, दुसऱ्यात काहीच नाही. पेला टेबलावर तसाच ठेवून आम्ही घरच्या गोष्टी बोलत बसलो, आणि पंधरा-वीस मिनिटांनी तो कोमट होऊ लागला तेव्हा त्यातून एकाएकी चुलवाणाजवळ उभे राहिल्यावर येतो तसा, चिपाडाच्या धुराचा आणि उतरत्या आदणाचा, वास आला. मी 34 गुण लिहिले, त्याने 31. माझ्या वहीत 'खरपूस' असे आहे आणि त्याच्या वहीत 'किंचित करपट'. पुस्तिका छापायला गेली तरी हा वाद मिटलेला नाही, सबब त्या पानावर दोन्ही शब्द ठेवले आहेत.

कोल्हापूर, दिवाळी पाडवा